माळवद, स्लॅब आणि पत्रा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दुपार अशी येते की अंगणात ठेवलेल्या तांब्याची सावली तांब्याखालीच गडप होते. शून्य सावलीचा दिवस. शाळेतली पोरं काठ्या रोवून बसतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जातात. घर बांधणाऱ्यानं मात्र तो दिवस विसरू नये. सूर्य बरोबर माथ्यावर असतो तेव्हा उभ्या भिंतींना ऊन चाटूनसुद्धा जात नाही. सगळं ऊन आडव्या छतावर पडतं. निरभ्र दुपारी हा मारा चौरस मीटरला जवळजवळ एक किलोवॉटचा असतो. तीनशे चौरस फुटांच्या बैठ्या घराचा हिशेब मांडला, तर एकेक किलोवॉटच्या सत्तावीस-अठ्ठावीस शेगड्या पेटवून छतावर ठेवल्यासारखं झालं.

निसर्गाशी जोडलेली वास्तू, म्हणजे वास्तुविशारदांच्या भाषेत 'बायोफिलिक डिझाइन', हा विषय आता गृहप्रकल्पांच्या रंगीत माहितीपत्रकांपर्यंत पोचला आहे. चित्रात बाल्कनीतून वेली लोंबतात, जिन्याशेजारी हिरवी भिंत असते, गच्चीवर लॉन असतं. या सगळ्या प्रकरणाचा आढावा सोलापूरसारख्या ठिकाणी बसून घ्यावा असं मला वाटतं, कारण इथे निसर्ग म्हणजे हिरवळ नव्हे. निसर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोकण येतं, नाहीतर सिंगापूर. सोलापूरचा निसर्ग म्हणजे माळ, काळी जमीन, कोरडा वारा आणि भलंमोठं आकाश. शहरापासून जवळच नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते जंगलात नाही, गवतात. त्या गवताला कित्येक वर्षं सरकारी कागदांवर 'पडीक' हेच नाव होतं. आता माळढोक एखादा जरी दिसला तरी बातमी होते. ज्या गावाचा निसर्गच पडीक ठरतो, तिथल्या घरांनी नातं जोडायचं ते कशाशी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आकाशाशी. आणि आकाशाला लागून असलेला घराचा भाग एकच, छत. सोलापुरात घर निसर्गाचं ऐकतं की नाही, हे बाल्कनीत कळत नाही. ते छताखाली, रात्री दहा वाजता कळतं.

जुन्या लोकांनी हे छत माळवदाचं केलं होतं. माझं आजोळ बार्शी तालुक्यातलं, पाच खणांचं. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यावर किलचा, किलचांवर लिंबाचा पाला आणि पाल्यावर चांगली फूटभर पांढरी माती. गावाकडे जमिनीचे दोनच भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती छताला कुचकामी. जुन्या गावठाणाची खारवट पांढरी माती तशी तडकत नाही, पाण्यानं तिचा वरचा थर दबून बसतो. मृगाच्या आधी मामा बैलगाडीनं ती आणायचा, माळवदावर पसरून पाणी शिंपडायचा आणि चोपण्यानं चोपत बसायचा. उतार पन्हाळीकडे. एवढं करूनही एखाद्या रात्री नेमकं आजीच्या अंथरुणावर टपटप सुरू व्हायचं. मग मामा गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन, राखेची पाटी काखोटीला मारून भर पावसात वर चढायचा आणि खालून आजी ओरडून सांगायची, "अजून डावीकडं, साण्याच्या अंगाला!" साणं म्हणजे उजेडासाठी माळवदात ठेवलेलं भोक, पाऊस आला की त्यावर घमेलं पालथं घालायचं. श्रावणात छतावर गवत उगवायचं. दिसायला छान, पण त्याच्या मुळांनी माती भुसभुशीत होते म्हणून ते उपटायचं. आजच्या भाषेत ते 'ग्रीन रूफ' होतं आणि आजोळचे सगळे जण ते हिरवं होऊ नये म्हणून झटत होते.

आता यातली खरी करामत. फूटभर मातीतून दुपारची उष्णता खालच्या बाजूला पोचायला साधारण आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारी एकचं ऊन घरात उतरायला रात्रीचे दहा-अकरा वाजणार. आणि तोवर घरात असतं कोण? सगळे बाजा आणि वाकळा घेऊन माळवदावर गेलेले असतात. कोरड्या हवेत आकाश उघडं असतं, वरची माती झपाट्यानं निवते, पहाटे पांघरूण ओढावं लागतं. दुपारी माणसं खाली, ढाळजेत किंवा जाड भिंतींच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत, रात्री वर. माळवदाचं घर थंड होतं असं सरसकट म्हणतात, ते अर्धसत्य आहे. माणसं घरातल्या घरात उन्हाबरोबर जागा बदलत होती, म्हणून ते थंड लागत होतं. जुनी घरं वाखाणणाऱ्या बहुतेक लेखांत मातीचं कौतुक असतं, या वेळापत्रकाचं नसतं. तीच माती आणून फ्लॅटच्या गच्चीवर टाकली आणि रात्री दार लावून खालीच झोपलं, तर नेमकी झोपेच्या वेळी उष्णता डोक्यावर येईल.

आणि हे छत माणसं मारतं, हेही लिहिलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. सोलापुरातही आम्ही त्या पहाटे गल्लीत उभे होतो. पुढे अभियंत्यांनी ढिगारे तपासले तेव्हा दोष दोन ठिकाणी सापडला. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत, पण आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगडच नव्हते. मधे नुसती भर. हादऱ्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. दुसरा दोष माळवदाचा. दरवर्षी गळती थांबवायला नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर काही छतं दोन फुटांवर गेली होती. फूटभर मातीचंच वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. दोन फुटांचं काय असेल ते बघा. पण काही घरांत खांब-तुळयांचा सांगाडा छतासकट उभा राहिला आणि फक्त भिंती कोसळल्या, हीही नोंद आहे. भिंतींना आडवे पट्टे बांधा, आरपार दगड घाला, माळवदावरची जास्तीची माती उतरवा, असे दुरुस्तीचे उपाय तेव्हा सुचवले गेले. मातीच्या आणि कमकुवत दगडी बांधकामांसाठी भारतीय मानकं त्याच वर्षी आली.

लोकांनी मात्र एकच गोष्ट ऐकली: माती मारते, सिमेंट वाचवतं. त्यांना दोष कसा द्यायचा? ज्यानं आई-बाप ढिगाऱ्यातून काढले त्याला उष्णतेच्या विलंबाचं शास्त्र कोण सांगणार? पुनर्वसनाच्या नव्या गावांत रुंद सरळ रस्ते आले, चौकोनी घरं एकमेकांपासून लांब गेली, गल्लीची सावली संपली. सोलापूर, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यातलं माळवद तिथून पुढे वेगानं संपत गेलं. पैसा असेल तिथे स्लॅब, नसेल तिथे पत्रा.

चार-पाच इंची उघड्या स्लॅबमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास पुरतात. म्हणजे दुपारचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला, चुलीच्या वेळेला, घरात उतरतं आणि मध्यरात्रीपर्यंत स्लॅब ते ओकत राहतो. पंखा लावला की छताजवळची गरम हवा खाली. पत्र्याला तेवढाही विलंब नाही. मे महिन्यात पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि खाली बसलेल्या माणसावर सरळ शेक मारतो. हा शेक खोलीतल्या साध्या तापमापकात नीट दिसत नाही, टाळूला कळतो. पत्र्याच्या बाजूनं सांगायचं तर रात्री आठ-नऊपर्यंत तो निवूनही जातो. त्यामुळे पत्र्याखालचा माणूस दुपारी भाजतो आणि स्लॅबखालचा रात्री उकडतो.

दोन्हींचा ताप सगळ्यात जास्त कुणाला, ते पाहायचं तर सोलापूरच्या पूर्व भागात जावं. इथे घर हेच कामाचं ठिकाण. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचे जुने खड्डा माग होते, तेव्हा विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. खड्ड्याचा ओलावा सुताला लागायचा. कोरड्या हवेत सूत तुटतं, दमट हवेत टिकतं. सुताची आणि माणसाची गरज एकच होती, थंड ओलसर जमीन. एका खड्ड्यानं दोन्ही भागायचं. निसर्गाशी जोडलेल्या कामाच्या जागेचं इतकं साधं उदाहरण मला परदेशी पुस्तकांत सापडलेलं नाही. यंत्रमाग आले तेव्हा खड्डा बुजला, वर पत्रा आला, आणि सुतासाठी जमिनीवर पाणी मारावं लागू लागलं. विडी वळणाऱ्या बाईची अडचण आणखी वेगळी. मांडीवरच्या सुपात तंबाखू असते. पंखा जोरात लावला तर ती उडते. त्यामुळे तिला वारा हवा तो दारातून येणारा, मंद. उजेडही हवा, कारण पान कापताना नजर लागते. म्हणून ती उंबऱ्यात बसते. तिचा उंबरा कुठल्या दिशेला आहे, त्यासमोर लिंब आहे की नाही, यावर तिची दिवसाची मजुरी ठरते.

या उंबऱ्याची गाठ मिलानशी घालून बघू. एडवर्ड विल्सन या कीटकशास्त्रज्ञानं १९८४ साली 'बायोफिलिया' हे पुस्तक लिहून असं मांडलं की सजीवांची ओढ माणसाच्या स्वभावातच आहे. त्याच वर्षी रॉजर उलरिचचा छोटासा, पण अजून उद्धृत होणारा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या त्यानं जुन्या नोंदींतून काढल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं होती, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, तीव्र वेदनाशामकंही पहिल्यांना कमी लागली. यावर पुढे मोठी इमारत उभी राहिली. स्टीफन केलर्टनं तत्त्वं मांडली, सल्लागार संस्थांनी १४ नमुन्यांच्या याद्या केल्या, आणि २०१४ मध्ये मिलानला स्तेफानो बोएरीचे दोन मनोरे उभे राहिले, बाल्कन्यांत आठशेच्या आसपास झाडं घेऊन. त्या झाडांची छाटणी करायला माळी दोरांना लटकून खाली उतरतात.

उलरिचचं मला पटतं, पण त्याच्यावर जेवढं ओझं टाकलं जातं तेवढं पेलण्याइतका तो अभ्यास मोठा नाही: एक रुग्णालय, एक शस्त्रक्रिया, शेहेचाळीस माणसं, तीही थंड हवेच्या देशातली. झाड दिसल्यानं बरं वाटतं हे खरंच. पण सोलापुरात झाडाचं पहिलं काम दिसणं नाही, सावली देणं आहे. हिरव्या भिंतीबद्दल तर बोलूच नये. चार-पाच दिवसांआड नळ येण्याची सवय लागलेल्या गावात भिंतीला पाणी पाजायचं? उजनी धरण भरलं तरी आमच्या घरी पिंप भरायची वेळ पाहूनच लग्नाचे मुहूर्त काढतात. कूलरचंही तेच, दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी तो सहज पितो, आणि ते भरायचं काम बायकांच्या वाट्याला.

आपल्याकडे याचा विचार कुणी केलाच नाही असं मात्र नाही. चार्ल्स कोरिया आयुष्यभर 'आकाशाला उघडी जागा' या एका कल्पनेभोवती फिरत राहिले. उष्ण हवेत अंगण ही खोलीच असते आणि ती सगळ्यात स्वस्त खोली असते, हे त्यांचं म्हणणं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत त्यांनी 'ट्यूब हाउस' बांधलं: अरुंद, लांबट घर, तिरपं छत, गरम हवा वरच्या फटीतून बाहेर. १९८०च्या दशकात नव्या मुंबईत बेलापूरला कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बैठी घरं केली, सात-सात घरांच्या झुबक्यांत, प्रत्येकाला आपापलं उघडं अंगण. कोल्हापूरच्या शिरीष बेरींनी हैदराबादेत संकटग्रस्त प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेची इमारत रचली, तीही जमिनीचे खडक-उतार सांभाळून. ही सगळी नावं वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात आहेत. बांधकामाच्या निविदेत त्यांना जागा नसते.

कायद्यात आहे का? थोडी. निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये आली. तिच्यानुसार छतातून उष्णता झिरपण्याचं प्रमाण दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॉटच्या आत हवं. उघड्या स्लॅबचं हे प्रमाण तीनच्या वर जातं. म्हणजे गावातल्या बहुतेक स्लॅब अडीच-तीनपटीनं नापास. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या घरांसाठी लिहिलेली आहे. दोन गुंठ्यांत चार भाऊ राहतात त्या घराला ती विचारतच नाही. ज्याच्या छतावर शेगड्या जास्त, तो नियमाच्या बाहेर.

शेजारच्या तेलंगणानं याहून सरळ वाट धरली. २०२३ साली तिथल्या सरकारनं थंड छतांचं पाच वर्षांचं धोरण जाहीर केलं: पांढरा रंग, परावर्तक पत्रे, पांढऱ्या फरश्या; २०२८पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छत असं करायचं. अहमदाबादनं त्याच्याही दहा वर्षं आधी, २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. पांढऱ्या छतानं घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असं साधारण मानतात. ऐकायला कमी वाटतं, झोपायला नाही.

सोलापुरात याची खरी परीक्षा कुंभारीला आहे. २००६ साली तिथे विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. मग रे नगर: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं, त्यातली पहिली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं जन्मभर लढून मिळवलेली ही गोष्ट आहे. माझ्यासारख्यानं त्याला 'इथे अंगण नाही' म्हणून नाक मुरडणं हा उद्धटपणा होईल. ज्या बाईनं चाळीस वर्षं भाड्याच्या पत्र्याखाली विड्या वळल्या, तिच्यासाठी स्वतःच्या नावाचा दरवाजा आधी येतो. पण तीस हजार घरं म्हणजे एक गाव आहे, आणि त्या गावाचं छत केवढं तरी आहे. त्यावर जाड ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी घालायला एकूण खर्चाच्या मानाने फार पैसा लागत नाही. सौर पट्ट्या पायांवर उंच बसवल्या तर वीज मिळते आणि छताला मांडवही मिळतो. आमच्याकडे लग्नाला, वास्तुशांतीला मांडव घालतातच. स्लॅबला घालायचं तेवढं राहिलंय. जमिनीवर शहाबादी फरशी असावी, ती इथून रेल्वेनं दोन-तीन तासांवर निघते आणि अनवाणी पायाला गार लागते. आणि लिंब लावावेत, गुलमोहर नव्हे. गुलमोहर फोटोत बरा दिसतो, पण भर वैशाखात त्याची फांदी अर्धी उघडी असते आणि वादळात तोच आधी मोडतो. उलट मेमध्ये लिंबाला नवी पालवी असते.

माळवद परत आणा असं मी म्हणत नाही. किल्लारीनंतर ते कुणी म्हणू नये. त्याचं वजन सोडून त्याची अक्कल उचलायची, म्हणजे छताला जाडी, उतार, वर जायला चांगला जिना आणि रात्री वर झोपायची सोय. आताच्या घरांत नेमका जिना पहिल्यांदा कापतात. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. डास, चोरी, शेजारच्या उंच इमारतीतून दिसणं, ही कारणं खरी आहेत. त्यावरचे उपाय मात्र बायोफिलियाच्या कुठल्याही यादीत सापडत नाहीत.

मागच्या एप्रिलमध्ये मी स्वतःच्या स्लॅबवर प्रयोग केला. चुन्यात फेविकॉल कालवून अर्ध्या गच्चीला दोन हात दिले आणि अर्धी मुद्दाम तशीच काळपट ठेवली. गवंडी मला वेड्यात काढत होता. पैसे वाचवायचे तर पावच गच्ची सोडा, अर्धी कशाला, असं म्हणाला. रात्री दहाला स्टुलावर चढून मी दोन्ही बाजूंना खालून हात लावून पाहिला, मग बायकोला चढवलं, मग पोराला. आई खाली बसून हा तमाशा बघत होती. तिला स्टुलावर चढता येत नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं उठली, आपली गादी धरून दोन हात सरकवली आणि चुन्याच्या बाजूला येऊन झोपली. पुढे जूनमध्ये पहिला वळवाचा तडाखा आला, तेव्हा त्यातला निम्मा चुना पन्हाळीतून पांढरा पांढरा होत गल्लीत उतरला.